कथलाचं रडणं

परवा आईचा फोन आला. रामनवमी जवळ आली, देवळातली भांडी बाहेर काढून उन्हात घातली आहेत, म्हणाली. मी विचारलं, कुठली भांडी? प्रश्न तोंडातून गेल्यावर कळलं, की तो विचारायला नको होता. आई म्हणाली, "स्टीलची गो. आता खंयची दुसरी?" आणि तिनं फोन बाबांकडे दिला.

बाबांशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिथल्या जिन्यात उभी राहून मी ओरडते आणि येणारेजाणारे वळून बघतात. जेवलात का, गुडघा कसा आहे, काजू किती धरलाय, सगळं तीन-तीनदा विचारायचं. पलीकडून तेच ठरलेलं उत्तर येतं, "मोठ्यान बोल गो, ऐकाक येणा नाय माका." मी आणखी मोठ्यानं बोलते.

फोन ठेवल्यावर मी कामाला लागले, पण हात चालेनात. नाकात नवसागराचा वास भरला होता. प्रयोगशाळेत नवसागर नव्हता. तो वास माझ्याच डोक्यातून आला होता, त्या एका हंगामातून. शिमग्यापासून रामनवमीपर्यंतचे ते दिवस. काही वर्षं झाली त्याला. पण काजू मोहरला की ते दिवस परत येतात, आणि मला ते येऊ नयेत असं वाटतं.

आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. बाबा कल्हईवाले. सायकलच्या मागे भाता, कोळशाचं पोतं, पुढे पिशवीत नवसागर, कापूस आणि कथलाच्या कांड्या, असे ते आजूबाजूची गावं फिरायचे. माझ्या लहानपणी हा धंदा जवळजवळ मेलाच होता. घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली होती. मग किनाऱ्यावर पर्यटक आले, त्यांच्यासाठी घरगुती खानावळी आणि रिसॉर्ट निघाले, आणि पर्यटकांना तांब्याच्या भांड्यातली सोलकढी हवी झाली. माळ्यावरची भांडी खाली आली. बाबांना पुन्हा बरे दिवस आले. आई म्हणायची, शहरातल्या लोकांनी आमचं जुनं टाकलं आणि शहरातल्याच लोकांनी ते परत आणलं, आम्ही आपले मधल्या मधे.

कल्हई लागताना तुम्ही पाहिली असेल. तापून काळंनिळं झालेलं पातेलं, त्यात चिमूटभर नवसागर पडला की उठणारा पांढरा धूर, कथलाची कांडी एकदाच टेकवायची आणि लगेच कापसाचा बोळा फिरवायचा. लाल पातेल्यात चंद्र उगवावा तशी चकाकी पसरत जाते. लहानपणी मला ते बघायचं वेड होतं. पण त्याहून जास्त वेड होतं कांडीचं. नवी कांडी आणली की बाबा ती माझ्या कानाजवळ धरायचे आणि हळूच वाकवायचे. आतून बारीक आवाज यायचा, करकर, जसं कुणी खूप आत, दार लावून रडतंय. "ऐकलंस? कथील रडता. रडता ता खरा. रडणा नाय ता खोटा," बाबा सांगायचे. ही त्यांची परीक्षा होती. त्यांना त्यांच्या बापानं शिकवली होती. कथलात दुसरं काही मिसळलं असलं, की कांडी मुकाट वाकते.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी पुस्तकात वाचलं, की हे खरंच आहे. शुद्ध कथील वाकवलं की त्याच्या आतले स्फटिक एकमेकांवर घासतात आणि आवाज येतो. मला खूप आनंद झाला होता. पण घरी जाऊन बाबांना हे सांगितलं नाही. त्या वयात मी भट्टीजवळ जाणंच सोडलं होतं. कपड्यांना वास लागायचा. ओरोसच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत, कॉलेजच्या मुलींच्या शेजारी तो वास मला नको व्हायचा. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काय शिकते हे घरात कुणाला विचारता येत नसे आणि मला सांगता येत नसे. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्प होता. आमच्या सरांनी मला विषय दिला: कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या मदतीनं उपयोगी रसायन बनवणं. ऐकायला फार मोठं वाटतं. आमच्याकडे त्यासाठी काचेची एक दुहेरी बाटली होती, दोन्ही भागांत खारवलेलं पाणी, मध्ये एक पडदा. एका भागात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. त्यात धातूची पट्टी बुडवायची, तिला वीज जोडायची. वीज आणि धातू मिळून त्या वायूला पकडतात, मोडतात आणि त्याचं दुसरंच काही करतात. धातू कुठला यावर काय बनेल ते ठरतं. धातू स्वतः खर्च होत नाही, तो फक्त घडवून आणतो. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणायचं. कथील वापरलं, तर फॉर्मिक आम्ल बनतं. रबराचा चीक गोठवायला, कातडी कमवायला ते लागतं. वायूचं नळकांडं आम्ही बाजारातल्या सोडावाल्याकडून उसनं आणलं होतं. सोड्यातला बुडबुडा आणि आमच्या प्रयोगातला बुडबुडा एकच.

एका रविवारी बाबांनी विचारलं, तू तिकडे दिवसभर करतेस काय? मी जमेल तसं सांगितलं. कोळसा जळतो, त्याचा जो न दिसणारा वायू होतो, तो परत कामाला लावायचा. बाबांनी भात्याकडे बघितलं आणि हसले.

"म्हणजे राखेचा परत लाकूड करतलंय?"

मी म्हटलं, लाकूड नाही, आम्ल. हुमल्यांच्या अंगात असतं ते. हुमले म्हणजे आमच्याकडच्या काजूवर, आंब्यावर पानं शिवून घरं करणाऱ्या लाल मुंग्या. चावल्या की आग होते ती त्याच आम्लानं.

"मगे तेका वीज कित्याक होई?" बाबा म्हणाले. "परड्यात तीन घरा आसत हुमल्यांची. घेवन जा."

आई इतकी हसली, की तिला कढईतला मासा उलटायचं भान राहिलं नाही. घरात माझ्या शिक्षणावर झालेला तो पहिला विनोद. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी शिकते ते या घरातलंच काहीतरी आहे.

प्रयोग मात्र जमत नव्हता. सरांनी मागवलेलं कथील आलं नव्हतं, तांब्याच्या पट्टीवर आम्ही रसायनांतून कथील चढवायला बघत होतो आणि ते पापुद्रे होऊन सुटत होतं. शिमगा तोंडावर आला. वर्गातल्या बाकीच्यांचे आकडे आले, आलेख झाले. माझी वही कोरी. तेव्हा एकदम डोक्यात आलं: तांब्यावर कथील पक्कं बसवणारा माणूस माझ्या घरात आहे.

बाबांना मी तांब्याच्या सहा पट्ट्या दिल्या. त्यांनी काही विचारलं नाही. भट्टी पेटवली, पट्ट्या चिमट्यात धरल्या आणि एकेकीवर अशी कल्हई चढवली, की बोटानं चाचपून धातू कुठे संपतो ते कळू नये. त्यांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. माझ्या पाठीवर नवसागराचा हात ठेवला. मी तो वास घेऊन एसटीत बसले आणि त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही.

आणि प्रयोग चालला. तपासणीत परमँगनेटचा जांभळा रंग उडाला, पुन्हा केला, पुन्हा उडाला. नमुने घाटावरच्या एका विद्यापीठात पाठवले, तिथूनही तेच आलं. आम्ल बनत होतं, आणि सरांनी वाचलेल्या नुसत्या कथलाच्या आकड्यांपेक्षा बरंच जास्त. सर एरवी फार कमी बोलतात. ते म्हणाले, यात काहीतरी आहे. पट्टीचा पृष्ठभाग तपासून घेऊ.

तो अहवाल रामनवमीच्या दोन दिवस आधी आला. त्यात पट्टीवर काय काय आहे त्याची यादी होती. तांबं, कथील, आणि तिसरं शिसं. थोडंथोडकं नाही, कथलाच्या खालोखाल. सरांचा चेहरा उजळला. शिसंही कार्बन डायऑक्साइडचं फॉर्मिक आम्लच करतं, दोघं मिळून आणखी चांगलं करत असणार. "तुला कळतंय ना? मिश्रधातूचा उत्प्रेरक आहे हा. कुठून आणल्यास या पट्ट्या?"

मी म्हटलं, गावात एक कल्हईवाला आहे.

असंच म्हटलं. एक कल्हईवाला.

मग मी बाहेर येऊन पायरीवर बसले. शिसं भांड्याला लागलं की काय होतं ते मी पहिल्या वर्षात शिकले होते. आंबट पदार्थ ते ओढून घेतात. कोकमाचं सार, सोलकढी, तिवळ. आमच्याकडे आंबट नाही असं जेवण कुठलं? आमच्या घरातलं पातेलं. रिसॉर्टांतली भांडी. आणि देवळातली मोठी तपेली. रामनवमीची समाराधना, सगळं गाव एका पंगतीला जेवतं, आणि त्या तपेल्यांना बाबांनी त्याच आठवड्यात कल्हई केली होती. दरवर्षी ते देवळाचं काम फुकट करायचे. ती त्यांची सेवा.

पण बाबा कांडी वाकवून घेतात. मग शिसं आलं कुठून?

याचं उत्तर मला बसल्या जागी आठवलं. ते आठवू नये म्हणून मी त्या पायरीवर फार वेळ बसून राहिले.

आदल्या दिवाळीनंतरची एक सकाळ. बाबा घाटावरच्या नेहमीच्या दुकानातून नव्या कांड्या घेऊन आले होते. माझी एसटी चुकणार होती. मी चपला घालत असताना ते जवळ आले, कांडी माझ्या कानाला लावली आणि वाकवली. "बघ गो, रडता काय? माका ऐकाक येणा नाय. कान गेले की काय माझे?" माझ्या दुसऱ्या कानात इअरफोन होता, डोक्यात परीक्षा होती. मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, "होय, रडता," आणि पळाले.

बाबांनी माझ्या कानावर विश्वास ठेवला. स्वतःचे कान गेले असं धरून चालले. आईनं तर ते लगेच मानलं, म्हणाली, जेवायला हाक मारली की बरी ऐकू येते, बाकी काही ऐकू येत नाही. सगळे हसायचे. बाबाही. तेव्हापासून ते कांडी वाकवायचेच नाहीत. बहिऱ्यानं काय ऐकायचं?

मी त्या दिवशी घरी गेले आणि काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता मी स्वतःला कारणं सांगते, की मला खात्री नव्हती, एका जेवणानं काय होतं, तोंडी परीक्षा आठवड्यावर होती. खरं कारण एवढंच, की ते सांगायचं म्हणजे ती दिवाळीनंतरची सकाळ सांगावी लागली असती.

रामनवमीला पंगत बसली. तपेल्यांची नवी कल्हई उन्हात चमकत होती. मानकरी काका, देवळाचा कारभार बघणारे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की यंदाची कल्हई बघून पोट भरतं, जेवायचीही गरज नाही. बाबा खांबाला टेकून उभे होते, बोट आकाशाकडे करून म्हणाले, सगळं त्याचं. साराचं तपेलं माझ्या पानापाशी आलं. मी सार दोनदा घेतलं. मी खाल्लं म्हणजे बरोबरी झाली, असं काहीतरी मला वाटलं असेल. बरोबरी कशाची? माझ्या शेजारी एक आई आपल्या मांडीवरच्या तान्ह्याला बोट बुडवून सार चाटवत होती. मी ते बघितलं. बघत राहिले.

कुणाला काही झालं का? माहीत नाही. कधी कळणारही नाही. शिसं गाजावाजा करत नाही. ते हाडात जाऊन बसतं. लोक मला म्हणतात, झालं ते झालं, काही वाईट तर घडलं नाही ना. मी त्यांना सांगू शकत नाही, की "काही घडलं नाही" आणि "काही दिसलं नाही" यांत किती अंतर आहे.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांना माझे आलेख आवडले. अहवालात मी लिहिलं होतं, पट्ट्या स्थानिक कारागिराकडून. ते वाचून ते हसत म्हणाले, म्हणजे हा तुमचा कारागीर गावाला जेवणातून शिसं चारतोय तर, त्याला इथेच आणा, निदान विज्ञानाचं भलं होईल. सर हसले. बाकीचे हसले. आणि मीही हसले. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले.

सरांनी मागवलेली शुद्ध कथलाची कांडी त्याच आठवड्यात आली. उशिरा आलेली, आता नको असलेली. मी ती मागून घेतली आणि घरी आले. दुपारची वेळ होती. बाबा खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माझ्याकडे पाठ करून बसले होते, भात्याच्या कातड्याला तेल लावत. मी त्यांना हाक मारली नाही. मागून गेले आणि कांडी त्यांच्या कानाजवळ वाकवली.

बाबांचा हात थांबला. मान वळली नाही.

"रडता," ते म्हणाले.

मग ते उठले. पिशवीतून आपली उरलेली कांडी काढली, स्वतःच्या कानाशी वाकवली. काही नाही. माझ्या कानाशी धरून वाकवली. काही नाही. मुकाट. दोन्ही कांड्या त्यांनी मातीवर शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मी शिसं, अहवाल, पट्ट्या, जे सांगायचं ते सांगून टाकलं. ते ऐकत होते. ते ऐकू शकत होते, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं. फक्त त्या सकाळबद्दल मी बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं, त्या बघण्यात सगळं विचारून झालं.

दुसऱ्या दिवशी ते देवळात गेले. मला बरोबर चल म्हणाले, विषाचं नीट समजावून सांगायला. मानकरी काका आणि आणखी चौघं बसले होते. मी शिश्याचं सांगितलं. काकांनी विचारलं, अरे, पण तू तर कथील पारखून घेतोस, तुझा बापूसही घ्यायचा, मग तुला कळलं कसं नाही? मी तोंड उघडणार होते. मनापासून सांगते, उघडणार होते. बाबा माझ्या पुढे झाले.

"कान गेलेत माझे. दिवाळीपासून ऐकाक येणा नाय. कोणाक सांगूक नाय, ही माझी चूक."

एकानं बारीक आवाजात म्हटलं, तरीच गेल्या महिन्यात हाक मारली तर वळला नाही. म्हातारपण कुणाला चुकलंय, असं कुणीतरी म्हटलं. बहिऱ्या माणसावर रागावणार कोण? भांडी माळ्यावर गेली. रिसॉर्टवाल्यांनी आपली तांब्याची पातेली भिंतीला टांगून वर दिवे लावले, तिथे ती अजून चमकतात. बाबांना कुणी वाईट बोललं नाही, आणि कुणी कामही दिलं नाही.

मी आता शिसं नसलेल्या उत्प्रेरकावर काम करते. बिस्मथ नावाचा धातू आहे, निरुपद्रवी, तोही वायूचं आम्ल करतो. बाबांचं राखेचं लाकूड. मी जेव्हा कुठे हे मांडते, तेव्हा सुरुवात कुठून झाली ते लोक विचारतात. मी म्हणते, गावातल्या कल्हईवरून. अजून "माझे बाबा" म्हणायला जीभ अडते, पण आता लाजेनं नाही. ते नाव घेतलं, की त्यांनी माझ्यासाठी जे लपवलं ते उघडं पडेल अशी भीती वाटते.

कारण ते एकदा बहिरे झाले, ते झालेच. एकदा बोललेलं निभवावं लागतं. गावात लोक त्यांच्या कानाशी येऊन ओरडतात, ते मान हलवतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलतात, ते समुद्राकडे बघतात. आईसुद्धा ओरडते. तिलाही त्यांनी सांगितलेलं नाही.

परवा फोनवर मी त्यांना म्हटलं, बाबा, मी या रामनवमीला येते, देवळात जाऊन खरं काय ते सांगते. जिन्यात कुणी नव्हतं, म्हणून मी ओरडले नाही. अगदी हळू म्हटलं, कांडी वाकवावी तसं.

पलीकडून माडांतला वारा ऐकू येत होता.

"मोठ्यान बोल गो," बाबा म्हणाले. "ऐकाक येणा नाय माका."